पलंगावरून खुर्चीत: अशक्त माणसाला साधनांच्या मदतीने सुरक्षित कसं हलवायचं

दादांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली तेव्हा पहिले चार दिवस मी त्यांना समोरून मिठी मारून, काखेत हात घालून उचलत होते. ते माझ्या गळ्यात हात टाकायचे, मी "हं, चला" म्हणायचे आणि दोघंही धापा टाकत खुर्चीपर्यंत पोचायचो. पाचव्या दिवशी माझी कंबर धरली आणि त्यांचा उजवा खांदा ठणकायला लागला. घरी आलेल्या फिजिओथेरपिस्टने माझी ही कसरत एकदा शांतपणे बघितली आणि एवढंच विचारलं, "ताई, यांचा डावा पाय चांगला धडधाकट आहे. त्याला काहीच काम का देत नाही?"

या लेखातलं पुढचं सगळं त्या प्रश्नाचाच विस्तार आहे. माणसात जेवढी ताकद शिल्लक आहे ती आधी वापरायची, कमी पडेल तेवढी साधनाने भरून काढायची, आणि आपल्या पाठीवर वजन येऊच द्यायचं नाही. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने रुग्णाला हातांनी उचलण्याची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो सुचवली आहे. तीही माणूस सहकार्य करणारा आणि परिस्थिती सोयीची असेल तर. सत्तर किलोच्या माणसाचा नुसता एक पाय ११ किलोच्या घरात जातो. म्हणजे अख्खा माणूस उचलणं हा ताकदीचा प्रश्नच नाही. तो बेत मुळात चुकीचा आहे.

काखेतून उचलणं तर दोघांनाही महागात पडतं. अधू बाजूच्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, त्यामुळे ओढ बसली की सांधा अर्धवट निखळू शकतो. आणि ज्याने आपल्या गळ्यात हात टाकले आहेत त्याचा तोल गेला, तर त्याचं सगळं वजन आपल्या मानेला लटकतं.

आधी माणूस, मग साधन

कुठलंही साधन घेण्याआधी चार गोष्टी बघायच्या. पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसता येतं का? बसल्या जागी गुडघा सरळ करून पाय थोडा वेळ हवेत धरता येतो का, निदान एक तरी? "पुढे वाका" असं एक वाक्य सांगितलं तर ते कळतं आणि तसं होतं का? आणि चौथी, जी सगळे विसरतात: आज ते कालच्यासारखेच आहेत का? ताप, रात्रीची अपुरी झोप, नवीन गोळी यांपैकी कशानेही काल उभा राहणारा माणूस आज पाय टेकत नाही. पार्किन्सनमध्ये तर गोळीचा अंमल असताना आणि उतरल्यावर एकाच माणसाच्या दोन वेगळ्या तऱ्हा असतात. म्हणून ही पाहणी रोजची, खरं तर प्रत्येक वेळची.

उत्तरांवरून साधन ठरतं. बसता येतं, एक पाय तरी भार घेतो आणि सूचना कळते, अशा माणसाला कमरेचा ट्रान्सफर बेल्ट पुरतो. जोडीला वॉकर किंवा पक्का कठडा. बसता येतं, हातात जोर आहे पण पाय भार घेत नाहीत, तर सरकफळी, म्हणजे स्लायडिंग बोर्ड. उभं राहण्याची उमेद आहे पण एकट्याच्या आधाराने जमत नाही, तर उभं करणारा हॉइस्ट, म्हणजे माणसाला उचलणारं चाकांचं यंत्र. बसताही येत नाही किंवा भरवसाच नाही, तर कापडी झोळीत बसवून अख्ख्या माणसाला उचलणारा पूर्ण हॉइस्ट. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमायला मदत करणारे तज्ज्ञ) यांच्याकडून ही निवड एकदा पक्की करून घ्या आणि पहिल्या दोन-चार वेळा त्यांच्यासमोर करून बघा. वाचून पोहता येत नाही, तसंच हे.

पलंगावर सरकवणं

दिवसातून सर्वांत जास्त वेळा होणारं आणि पाठीची सर्वांत जास्त वाट लावणारं काम म्हणजे घसरून खाली आलेल्या माणसाला उशीकडे वर घेणं. आपण काखेत धरून ओढतो. त्यात कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे जातं. माकडहाडापाशी जखमा होण्याचं हे एक मोठं कारण.

इथे स्लाइड शीट वापरायची. हे गुळगुळीत, घसरतं कापड असतं. दोन थर एकावर एक, किंवा नळीसारखं शिवलेलं. माणसाला कुशीवर वळवा, कापड अर्धं गुंडाळून पाठीला लावून ठेवा, मग त्यांना दुसऱ्या कुशीवर घेऊन उरलेलं पसरा. पलंग वरखाली होणारा असेल तर आपल्या कमरेपर्यंत वर घ्या, डोक्याकडचा भाग सपाट करा. दोघं जण दोन्ही बाजूंना, एक पाय पुढे एक मागे. हातांनी ओढायचं नाही, वरचा थर धरून आपलं वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर टाकायचं. ज्यांना गुडघे दुमडून टाचा रोवता येतात ते स्वतःच अर्धं काम करतात. काम झालं की कापड लगेच काढा. विसरलात तर थोड्या वेळाने माणूस आपोआप पलंगाच्या कडेला आलेला दिसेल.

झोपलेल्याला बसतं करणं

हात धरून सरळ ओढू नका. आधी कुशीवर, गुडघे दुमडलेले. मग पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी त्यांनी खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या तळव्याने गादी दाबायची. पायांचं वजन खाली जातं तसं धड आपोआप वर येतं. तुमचा एक हात खांद्याच्या मागे, दुसरा कमरेपाशी. मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडक्यासारखी वळवायची.

बसल्यावर थांबा. एक-दोन मिनिटं पावलं वरखाली हलवायला सांगा, चेहऱ्याकडे बघा, बोलतं ठेवा. बरेच दिवस पडून असलेल्यांचा रक्तदाब उठताना घसरतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, बोलणं तुटक झालं, तर पुढचं काही करायचं नाही. परत आडवं करायचं.

बेल्ट लावून पलंगावरून व्हीलचेअरमध्ये

हे जरा सविस्तर सांगते. ही एक बदली नीट बसली की कमोड, आरामखुर्ची, गाडी सगळं तिच्याच जोरावर जमतं.

१. व्हीलचेअर धडधाकट बाजूला आणा, पलंगाला तिरकी लावा, तीस ते पंचेचाळीस अंशांत. दादांची डावी बाजू चांगली, म्हणून खुर्ची त्यांच्या डावीकडे. परत पलंगावर येताना खुर्ची फिरवावी लागते, म्हणजे डावी बाजू पुन्हा पलंगाकडे येते. कंटाळा करून तसंच उलटं नेलं की अधू पाय पुढे येतो आणि तिथेच गुडघा वाकतो.

२. खुर्ची जागेवर आणताना शेवटचा हिसका मागच्या दिशेने द्या. त्याने पुढची छोटी चाकं पुढे वळतात आणि खुर्ची पुढे कलंडत नाही. मग दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हलवून बघा. ब्रेक लावल्यासारखा दिसतो आणि टायरला टेकतच नाही, हे जुन्या खुर्च्यांत सर्रास होतं. पायठेवे बाजूला करा किंवा काढूनच ठेवा. नडगीवरच्या ओरखड्यांचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं.

३. लघवीची पिशवी, ऑक्सिजनची नळी, सलाइन हे आधी पलीकडे न्या, माणूस नंतर. पिशवी मूत्राशयापेक्षा खालीच राहायला हवी.

४. पायात न घसरणारे, टाच बंद असलेले बूट. नुसते मोजे म्हणजे घसरगुंडी. पलंगाची उंची अशी की पावलं पूर्ण टेकतील आणि कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील.

५. बेल्ट कपड्यांवरून कमरेला. आत दोन बोटं जातील एवढा घट्ट, बकल पुढे पण मधोमध नको, टोचतं. बेल्ट पकडताना तळवा वर ठेवून खालून हात घाला. पोटाची ताजी शस्त्रक्रिया, पोटावरची पिशवी, पोटातून अन्नाची नळी, बरगडीचं फ्रॅक्चर असेल तर विचारल्याशिवाय बेल्ट लावू नका. गरोदर बाईलाही नाही. बेल्ट उचलण्यासाठी नसतो हेही इथेच सांगते. त्याने दिशा द्यायची आणि तोल सांभाळायचा, बस.

६. त्यांना कडेपर्यंत पुढे सरकू द्या, एकदा डावं ढुंगण, एकदा उजवं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे. पाय पुढे ताणून बसलेला माणूस उठूच शकत नाही. विश्वास नसेल तर स्वतः खुर्चीवर बसून पाय लांब करून उठून बघा.

७. तुम्ही समोर, किंचित अधू बाजूला. एक पाय पुढे, गुडघे वाकवलेले, पाठ ताठ. तुमच्या गुडघ्याने त्यांचा अधू गुडघा पुढून हलकेच अडवायचा. आणि फार जवळ जायचं नाही! माझी सर्वांत मोठी चूक ही होती. उठताना नाक पायाच्या बोटांच्या वर यावं लागतं. मी त्यांना इतकी चिकटून उभी राहायचे की दादांना पुढे वाकायला जागाच नसायची. मग ते मागे रेलायचे आणि मी ओढायचे.

८. त्यांचा हात तुमच्या गळ्यात नाही, गादीवर किंवा खुर्चीच्या लांबच्या हातावर. अधू हात त्यांच्या मांडीवर सांभाळून, लटकता नको.

९. मोजणी आधी ठरवा. "तीन म्हणतानाच उठायचं" की "तीन, आणि मग उठायचं"? हसू येईल, पण निम्मे घोटाळे इथेच होतात. आमचं ठरलं होतं: "एक, दोन, आणि उठा." पुढे-मागे दोनदा झुलायचं आणि तिसऱ्यांदा त्याच लयीत वर.

१०. उभं राहिल्यावर क्षणभर थांबा. मग छोटी छोटी पावलं टाकत वळा, दोघंही. तुमच्या पावलांनी वळा, कमरेतून पिळू नका.

११. पोटऱ्यांना मागून खुर्ची लागली की त्यांनी हात मागे नेऊन खुर्चीचा हात चाचपायचा आणि पुन्हा पुढे वाकत हळूहळू बसायचं. धपकन बसू देऊ नका. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत त्यांचा मणका नुसत्या अशा बसण्यानेही दबू शकतो. बसले की मागे सरकवा, पायठेवे लावा आणि नळी मांडीखाली दुमडली नाही ना ते बघा.

शेवटची गोष्ट मज्जारज्जूला वर इजा झालेल्यांसाठी जिवावरची आहे. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याहून वर इजा असेल तर तुंबलेल्या लघवीनेही रक्तदाब एकदम भडकू शकतो. खुर्चीत बसवल्यावर अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, कपाळाला घाम आला, तर ताठ बसवून ठेवा, नळी मोकळी करा, घट्ट कपडे सैल करा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

वॉकर वापरणाऱ्यांबद्दल थोडक्यात: उठताना वॉकर धरून ओढायचं नाही, तो अंगावर येतो. खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठायचं, मग एकेक हात वॉकरवर. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते ती वॉकरच्या मुठीची उंची. काठी धडधाकट बाजूच्या हातात.

स्मृतिभ्रंश असलेल्यांशी समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोला आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. चार सूचना एकदम दिल्या की ते घाबरून जे हाताला लागेल ते घट्ट धरतात, बहुतेक वेळा पलंगाचा कठडा, आणि मग आपण बोटं सोडवत बसतो. कधी कधी आपण शेजारी बसून उठून दाखवलं की तेही उठतात.

सरकफळी

दोन्ही पाय साथ देत नाहीत पण बसण्याचा तोल आणि हातांचा जोर आहे, त्यांच्यासाठी ही गुळगुळीत फळी म्हणजे मधल्या दरीवरचा पूल. जायच्या बाजूचा खुर्चीचा हात काढता यायला हवा, नाहीतर सगळं अडतं. दोन्ही बैठकी समान उंचीवर, जिकडे जायचं ती किंचित खाली असली तर बरंच. त्यांना फळीच्या उलट बाजूला कलायला सांगा, मांडी जराशी उचलली जाते, तिथे फळीचा सुमारे एक तृतीयांश भाग आत घाला. दुसरं टोक खुर्चीच्या गादीवर नीट टेकलेलं हवं आणि फळी मोठ्या चाकाला अडू नये.

आता एका दमात ओढून न्यायचं नाही. हातांवर भार घेऊन, किंचित उचलत, चार-सहा छोट्या टप्प्यांत सरकायचं. डोकं एकीकडे झुकलं की कंबर दुसरीकडे जाते. ही युक्ती सापडली की काम निम्मं होतं. बोटं फळीच्या कडेखाली घालायची नाहीत, चिमटतात. उघड्या किंवा ओल्या अंगाने फळीवर बसायचं नाही, कातडी चिकटून सोलते. मध्ये कापड हवं. तुम्ही समोर गुडघे अडवून बेल्टवर हात ठेवून.

हॉइस्ट

बऱ्याच घरांत हॉइस्ट येतो आणि कोपऱ्यात उभा राहतो, कारण पहिल्यांदा हवेत उचललं गेल्यावर माणूस घाबरतो आणि घरचेही. म्हणून आधी आपण स्वतः झोळीत बसायचं. मी बसले होते. पाय जमिनीवरून सुटल्यावर पोटात जो गोळा येतो तो एकदा अनुभवला की नंतर कुणालाही घाईने उचलवत नाही.

झोळी हॉइस्टला चालणारी आणि त्या माणसाच्या मापाची हवी. मोठी झोळी धोक्याची, माणूस मधून निसटतो. हॉइस्ट, झोळी जिला अडकवतात ती दांडी आणि झोळी या तिन्हींवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. त्यांतली सर्वांत कमी ती आपली मर्यादा. शिवण उसवलेली, पट्टा विरलेला, लेबल वाचता न येणारी झोळी वापरायची नाही, "आजच्या दिवस" सुद्धा नाही.

कुशीवर वळवून झोळी पाठीखाली घ्या, खालची कड माकडहाडाशी. पायाचे पट्टे मांड्यांखालून सुरकुती न पडता काढा. नेहमीच्या झोळीत ते मध्ये एकमेकांतून ओवतात. झोळीच्या पट्ट्यांचे फासे दांडीला अडकवताना डाव्या-उजव्या बाजूला एकाच रंगाचे घ्या. खांद्याचे फासे आखूड घेतले तर माणूस जास्त ताठ बसतो. हॉइस्टचे खालचे पाय रुंद पसरवा. उचलताना हॉइस्टचे ब्रेक बहुतेक मॉडेल्समध्ये मोकळे ठेवायचे असतात, म्हणजे तो स्वतः वजनाच्या मध्याखाली येतो. तुमच्या यंत्राचं माहितीपत्रक काय सांगतं ते मात्र आधी वाचा. व्हीलचेअरचे ब्रेक लावलेले.

पट्टे ताणले जाईपर्यंत उचला आणि थांबा. चारही फासे हाताने चाचपून बघा. मगच पलंगावरून सुटेल एवढंच वर घ्या. एकाने बटण सांभाळायचं, दुसऱ्याने माणसाला धरायचं आणि झुलणारी दांडी त्यांच्या कपाळाला लागू द्यायची नाही. हवेत धरून या खोलीतून त्या खोलीत नेऊ नका, खुर्चीच जवळ आणा. वीज गेली किंवा बॅटरी संपली तर हाताने खाली आणायची कळ कुठे आहे ते माणूस हवेत असताना शोधायची वेळ येऊ नये.

उभं करणाऱ्या हॉइस्टमध्ये पाठीमागचा पट्टा काखांकडे सरकायला लागला, तर माणूस पायांवर भार घेत नाहीये असं समजा. लगेच खाली आणा. त्यांच्यासाठी आता झोळीचा हॉइस्ट लागेल.

न्हाणीघर आणि गाडी

न्हाणीघरात टॉवेलची दांडी, बेसिन आणि दाराची मूठ हे आधार नव्हेत. भिंतीत पक्के ठोकलेले कठडेच आधार. रबरी वाटीने चिकटणाऱ्या मुठींवर भार टाकू नका, त्या नकळत सुटतात. उंच बैठक किंवा चाकाची कमोड खुर्ची असेल तर ओल्या फरशीवर उभं राहण्याचा वेळ कमी होतो. कपडे खाली-वर करायला मात्र उभं राहावं लागतंच, तेव्हा त्यांचे दोन्ही हात कठड्यावर आणि तुमचा एक हात बेल्टवर.

गाडीत पुढची सीट मागे सरकवून थोडी रेलती करा. आधी पाठमोरं होऊन बसायचं, डोकं चौकटीपासून सांभाळायचं, मग पाय एकेक आत. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की वळणं सोपं जातं. गाडी सुरू करण्याआधी ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस पुढे घसरतो. खुब्याचा सांधा बदललेल्यांना नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायला मनाई केलेली असेल तर सीटवर टणक उशी ठेवून उंची वाढवा.

तोल गेलाच तर

पडणाऱ्याला उचलून धरायचा प्रयत्न करू नका. बेल्ट धरा, एक पाय मागे घेऊन गुडघे वाकवा आणि त्यांना तुमच्या मांडीवरून घसरत जमिनीवर बसू द्या. डोकं तेवढं सांभाळा. बसले की घाईने उठवायचं नाही. कुठे दुखतंय विचारा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलं असेल तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता असते. हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांकडे.

काही लागलं नसेल तर दोन खुर्च्या आणा. कुशीवर, मग रांगत्या स्थितीत. एक खुर्ची समोर, तिच्यावर दोन्ही हात. चांगल्या पायाचं पाऊल पुढे टेकवून रेटा द्यायचा, आणि कंबर वर आली की दुसरी खुर्ची मागून खाली सरकवायची. हे जमत नसेल तर जमिनीपर्यंत खाली येणारा हॉइस्ट, नाहीतर बाहेरची मदत.

दादा एकदा न्हाणीघराच्या दारात असेच माझ्या मांडीवरून खाली बसले. मी घाबरून त्यांच्या काखेत हात घालणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "थांब गं. आधी उशी आण." उशी टेकून आम्ही दोघं तिथेच फरशीवर बसलो, दम खाल्ला, मग मी खुर्च्या आणल्या. उठायला वीस मिनिटं लागली.